वाचक विचारतात : पडद्यावरचा समुद्र, कागदावरचा समुद्र

हंगाम तोंडावर आला की पेट्या, लेबलं, पत्रकं, लग्नपत्रिका यांच्या छपाईची घाई सुरू होते. त्यामुळे या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे : कॉम्प्युटरवर दिसला तो रंग छापून आला नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमची चार खोल्यांची निवास-न्याहारीची सोय आहे. पत्रकासाठी काढलेल्या फोटोत समुद्राचं पाणी लॅपटॉपवर छान मोरपंखी दिसतं. छापून आलं तेव्हा ते मळकट निळं झालं होतं. शेजारच्या काकूंनी पत्रक हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "ह्यां पाणी असां काळां कित्या दिसता?" डिझायनर म्हणतो छपाई वाईट, छापखाना म्हणतो फाइल वाईट. चूक कोणाची?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : 'कोणत्या कागदासाठी, कोणत्या प्रोफाइलने?' हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, तिथे चूक झाली. प्रोफाइल म्हणजे त्या मशीनवर, त्या कागदावर कोणता आकडा कोणता रंग देतो याची नोंद असलेली छोटी फाइल. छपाई आणि फाइल दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

पडदा स्वतः प्रकाश देतो आणि लाल, हिरवा, निळा (आरजीबी) मिळवून रंग तयार करतो. कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. सायन (आकाशी निळ्या) शाईने फक्त लाल गिळावा अशी अपेक्षा असते, पण ती थोडा हिरवाही गिळते. त्यामुळे उथळ पाण्यावर ऊन पडल्यावर दिसणारा फिका तरी झळझळीत मोरपंखी छपाईच्या चार शायांत (सायन, गडद गुलाबी मॅजेंटा, पिवळी, काळी) बसत नाही. उलट ऑफसेटचा शंभर टक्के सायन साध्या, म्हणजे एसआरजीबी या नेहमीच्या प्रमाणाच्या, पडद्याला दाखवता येत नाही. कागद सगळीकडेच कमी पडतो असं नाही, दोघांचे गडगे, म्हणजे रंगांच्या हद्दी, वेगवेगळ्या जागी आहेत. जे रंग पडद्याच्या गडग्याच्या आत आणि कागदाच्या गडग्याबाहेर आहेत ते कुठे आणून ठेवायचे, हे कोणीतरी ठरवावंच लागतं. तुम्ही ठरवलं नाही तर सॉफ्टवेअर ठरवतं.

आधी पडदा ताळ्यावर आणा. तो अर्धा तास चालू राहू द्या. नाइट लाइट, ट्रू टोन, आपोआप उजेड कमीजास्त करणारी सोय, हे सगळं बंद करा. पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा छपाईच्या कामासाठी फार प्रखर असतो. छापील कागदाशी जुळवायचं तर १०० ते १२० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) पुरतात. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा पांढरा कागद खिडकीच्या उजेडात पडद्याशेजारी धरा, पडद्यावर कोरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवा. 'छापील फार काळं आलं' या प्रकारच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

मग छापखान्याला त्यांचं प्रोफाइल विचारा. त्यांच्याकडे नसेल आणि कागद आर्ट पेपर (गुळगुळीत लेप दिलेला) असेल, तर 'कोटेड फोग्रा ३९' धरून चाला. ते फोटोशॉपमध्ये आधीपासून असतं. नवीन 'पीएसओ कोटेड व्ही ३' युरोपियन कलर इनिशिएटिव्हकडून फुकट मिळतं. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जला कधी हातच लावला नसेल, तर तिथे बहुधा अमेरिकेत वेब ऑफसेटवर (कागदाच्या अखंड रोलवर) छापायच्या मासिकांसाठी केलेलं 'स्वॉप' प्रोफाइल बसलेलं असतं. आपल्याकडच्या कितीतरी फाइली त्याच प्रोफाइलने बाहेर पडतात, त्या छापखान्याचा त्याच्याशी काही संबंध नसताना.

आता फोटो आरजीबीतच ठेवून 'व्ह्यू – प्रूफ सेटअप – कस्टम' उघडा. प्रोफाइल निवडा, रेंडरिंग इंटेंट 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' ठेवा, 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू करा आणि 'सिम्युलेट पेपर कलर'वर टिक करा. टिक करताना नजर दुसरीकडे ठेवा. चित्र एकदम फिकं पडतं, आणि तो बदल डोळ्यांदेखत झाला की माणूस घाबरून टिक काढून टाकतो. अर्ध्या मिनिटाने बघा. समोर जे सगळ्यात उजळ आहे त्यालाच डोळा पांढरं मानतो, म्हणून प्रोग्रॅमच्या पांढऱ्या पट्ट्या लपवून पूर्ण पडद्यावर बघा. तुमचं पत्रक जवळपास असं दिसणार आहे.

दुरुस्ती इथेच करायची. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवू नका. रंग आधीच गडग्याला टेकलेला आहे, अजून ढकललात तर लाटांमधले बारीक फरक पुसले जातील आणि पाण्याचा एकसपाट पट्टा होईल. पाण्याच्या मोरपंखी भागातला मॅजेंटा कमी करा. तो १० टक्क्यांच्या वर गेला की पाणी मळायला लागतं, आणि उजळ भागात काळी शाई शून्य हवी. वाळू थोडी उबदार, पिवळसर करा. शेजारी पिवळसर वाळू असली की तेच पाणी जास्त निळं वाटतं. लाटांच्या फेसाचा पांढरा अगदी कोऱ्या कागदाला भिडू द्या. खोल पाण्याच्या गडद निळ्यात सायन आणि मॅजेंटा यांच्यात किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा, म्हणजे सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या पुढे नको. नाहीतर निळ्याचं जांभळं होतं.

सगळ्यात शेवटी 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' करा. त्याच्या शेजारीच 'असाइन प्रोफाइल' असतं आणि गोंधळ तिथे होतो. चार पायली तांदूळ असं लिहिलेलं असताना 'पायली' खोडून 'किलो' लिहिलं, तर ते असाइन. आकडा तोच राहिला, माल मात्र वेगळा ठरला. तेच तांदूळ तागडीत घालून किती किलो भरतात ते लिहिलं, तर ते कन्व्हर्ट. ज्या फाइलला प्रोफाइलच नाही तिलाच असाइन करायचं असतं.

छापून आलेलं पत्रक तपासण्याची जागाही महत्त्वाची आहे. छपाई तपासायची ठरलेली प्रकाशस्थिती डी ५०, म्हणजे ५००० केल्व्हिनची. तसा दिवा नसेल तर सकाळी दहाच्या पुढे उत्तरेकडच्या खिडकीशी, थेट ऊन न येणाऱ्या जागी, पांढऱ्या किंवा करड्या भिंतीजवळ बघा. पडवीत बघू नका. जांभ्याच्या भिंतीवरून आणि अंगणातल्या मातीवरून उसळलेला तांबूस उजेड कागदावर पडतो. निळं पाणी त्यात हमखास मळकट दिसतं.

प्रश्न : आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर नमुना बघून होकार देतं आणि छापून आल्यावर 'हा लाल तो नव्हे' म्हणून वाद घालतं. काय करावं?
— एक दुकानदार, अलिबाग

उत्तर : मोबाइलवर नावं, तारीख, मुहूर्त आणि शुद्धलेखन एवढ्यालाच होकार घ्या. रंगाला होकार तिथे घेऊ नका. बऱ्याच फोनचा पडदा मुळातच 'व्हिव्हिड' अवस्थेत असतो आणि प्रत्येक रंग फुगवून दाखवतो. मामाच्या फोनवरचा लाल आणि वरमाईच्या फोनवरचा लाल सारखा नसतोच.

रंगासाठी दुकानात छापील तक्ता ठेवा. तुमची छपाई जिथे होते त्याच मशीनवर, तुम्ही नेहमी वापरता त्या कागदांवर (आर्ट कार्ड, मॅट, खडबडीत हस्तकागद) पंचवीस-तीस रंगांचे चौकोन छापून घ्या आणि प्रत्येकाखाली चार शायांचे आकडे लिहा. कुंकवाच्या लालसाठी सायन ०, मॅजेंटा १००, पिवळा ९० इथून सुरुवात करा. हळदीसाठी मॅजेंटा २० ते २५, पिवळा १००. गिऱ्हाइकाने चौकोनावर बोट ठेवायचं आणि तो क्रमांक ऑर्डरवर लिहून सही करायची. तक्ता काळ्या पाकिटात ठेवा, काउंटरच्या काचेखाली नको. उन्हाने मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतात, मग तुमचा तक्ताच खोटा ठरतो.

प्रश्न : आम्ही हापूसच्या पेट्या छापून घेतल्या. पडद्यावर आंबा केशरी-पिवळा होता, खोक्यावर विटकरी आला. स्टिकरवरचा आंबा मात्र बरा आहे, बिलबुकावरचा तिसराच. तिन्हीकडे एकच रंग मिळेल का?
— एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : मिळेल, पण एकाच आकड्यांनी मिळणार नाही.

छपाईची शाई पारदर्शक असते. प्रकाश शाईतून आत जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा शाईतून बाहेर येतो. म्हणून कागद हा पाचवा रंग धरायचा. तुमच्या खोक्याचा वरचा थर तपकिरी क्राफ्ट कागदाचा आहे. तपकिरी कागद निळा प्रकाश गिळतो आणि पिवळी शाईही नेमकं तेच काम करते. त्यामुळे तिथे पिवळा जवळजवळ दिसत नाही, उरतो तो तपकिरीवरचा मॅजेंटा, आणि तो विटकरी दिसणारच. फाइलमध्ये काहीही बदललं तरी यातून सुटका नाही.

मार्ग तीन आहेत. पहिला, वरचा थर पांढऱ्या डुप्लेक्स बोर्डाचा घ्यायचा, तो सपाट असतानाच ऑफसेटवर छापायचा आणि मग नालीदार पुठ्ठ्यावर चिकटवायचा. आंब्याचं चित्र हवंच असेल तर हाच खरा मार्ग. दुसरा, क्राफ्टवर आधी पांढरी शाई मारून तिच्यावर रंग घ्यायचे. यात एक छाप वाढतो, आणि पांढरा पातळ बसला तर खालचा तपकिरी डोकावतो. तिसरा मार्ग आम्हाला लहान बागायतदारासाठी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो : खोक्याचा तपकिरी तसाच राहू द्या, त्यावर गडद हिरव्या किंवा काळ्या एकाच शाईत नाव, गाव, वजन आणि डझनाचा आकडा छापा, आणि आंबा फक्त पांढऱ्या आर्ट पेपरच्या स्टिकरवर घ्या. कमी शाईत खोका नेटका दिसतो आणि आंब्याचा रंग एकाच ठिकाणी सांभाळावा लागतो.

स्टिकरवरचा आंबा : सालीच्या पिवळ्या भागासाठी मॅजेंटा ३५, पिवळा ९५. देठाकडच्या लालीसाठी मॅजेंटा ५० ते ५५. सायन शून्याजवळ ठेवा. केशरीत सायन ८–१० टक्क्यांवर गेला की फळ डागाळल्यासारखं, शिळं दिसतं, कारण सायन केशरीच्या विरुद्ध बसतो. फोटो कन्व्हर्ट केल्यावर सालीच्या प्रत्येक भागावर आयड्रॉपर फिरवून हा आकडा तपासा. सावलीत थोडा सायन लागतो, नाहीतर फळ चपटं दिसेल. तो फक्त कडेला ठेवा.

नाव किंवा चिन्हाचा केशरी सगळीकडे एकच हवा असेल तर चार शायांचा नाद सोडा आणि पँटोनची (क्रमांकावरून रंग ठरवायची पद्धत) वेगळी मिसळलेली शाई घ्या. पँटोन ऑरेंज ०२१ सारखा केशरी चार शायांत येतच नाही. निवडताना पँटोनच्या रंगपुस्तिकेतलं 'सी' पान गुळगुळीत कागदासाठी आणि 'यू' पान साध्या कागदासाठी असतं हे विसरू नका. शाई एकच, पण मॅपलिथोच्या (बिनलेपाच्या साध्या कागदाच्या) बिलबुकावर ती मुरते आणि फिकी दिसते. बिलबुकासाठी 'यू' पानांतून डोळ्याला जुळणारा दुसरा क्रमांक निवडावा लागला तर खुशाल निवडा. तिन्हीकडचे रंग शेजारी ठेवून जुळणं महत्त्वाचं, क्रमांक जुळणं नव्हे.

लॅमिनेशन करणार असाल तर मंजुरी लॅमिनेशननंतरच्या नमुन्यावर द्या. ग्लॉसने रंग खोल होतो, मॅटने काळा राखाडीकडे झुकतो. आणि पेट्या उन्हात रचून ठेवणार असाल, तर छापखान्याला प्रकाशात टिकणारी पिवळी आणि मॅजेंटा शाई वापरायला आधीच सांगा.

प्रश्न : रंग मोजायचं यंत्र लॅपटॉपसाठी घ्यावं का? — एक विद्यार्थिनी, देवरुख

उत्तर : आधी लॅपटॉपची माहिती वाचा. '४५ टक्के एनटीएससी' (पडद्याच्या रंगांच्या आवाक्याचं एक माप) लिहिलं असेल तर तो पडदा एसआरजीबीचाही दोन तृतीयांशाहून कमी भाग दाखवतो. यंत्र पडद्यावर आहेत ते रंग ताळ्यावर आणतं, नसलेले रंग आणत नाही. पैसे एकदाच घालायचे असतील तर आधी ९९–१०० टक्के एसआरजीबीचा, आयपीएस पॅनेलचा वेगळा मॉनिटर घ्या, यंत्र नंतर. यंत्र आलं की पांढरा बिंदू डी ६५ (६५०० केल्व्हिन), गॅमा २.२, उजेड १२० निट्स ठेवा आणि महिन्यातून एकदा मोजणी करा. डिस्प्लेकॅल हा मोफत प्रोग्रॅम बऱ्याच यंत्रांबरोबर चालतो. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. त्याच्या भिंगावर बुरशी आली की ते चुकीचे आकडे देतं, आणि पडद्यावर बघून ते कळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे दोन रंगांचं ऑफसेट मशीन आहे. तीच फाइल, तोच कागद, तरी मेमध्ये छापलेला आणि जुलैत छापलेला रंग वेगळा येतो. चेहऱ्यांना कधी हिरवट, कधी लालसर झाक येते.
— एक मुद्रक, चिपळूण

उत्तर : जुलैतला कागद तोच राहिलेला नसतो. कागदाला ५० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसात हवेत ८०–९० टक्के असते. रीम फोडून ठेवली की तावांच्या कडा आधी ओल घेतात आणि लाटा पडल्यासारख्या वळतात. मधला भाग कोरडाच राहतो. तुम्ही दोन रंग छापून ताव बाजूला ठेवता, उरलेले दोन दुसऱ्या फेरीत घेता. तेवढ्या वेळात ताव फुगतो आणि दुसरे दोन रंग पहिल्यांवर नेमके बसत नाहीत. शायांचे बारीक ठिपके सरकले की कातडीचा रंग सरकतो, कारण करडा आणि कातडीचे रंग तीन शायांच्या नाजूक तोलावर उभे असतात. अक्षरांना रंगीत कड दिसत असेल तर हेच कारण समजा.

कागद मशीनच्या खोलीत किमान एक दिवस आधी आणा आणि वेष्टन छपाईच्या वेळीच फोडा. पहिली फेरी संपली की गठ्ठा लगेच पॉलिथिनने चारी बाजूंनी बांधा, दुसरी फेरी त्याच दिवशी घ्या. कागदाचा तंतू सिलिंडरच्या लांबीला समांतर येईल असा कापून घ्या. ताव तंतूच्या आडव्या दिशेत जास्त वाढतो, आणि ती वाढ सिलिंडरच्या घेराकडे गेली तर पॅकिंगने (प्लेटखाली घातलेल्या कागदांनी) थोडीफार सावरता येते. खोलीत आर्द्रतामापक टांगा. एसी रात्री बंद करून सकाळी दारं उघडलीत तर थंड गठ्ठ्यावर दमट हवेचं पाणी धरतं. त्यापेक्षा आर्द्रता शोषणारं यंत्र सलग चालू ठेवलेलं बरं.

मग पाणी. फाउंटनचा (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याचा) पीएच ४.८ ते ५.५ मध्ये ठेवा आणि त्याबरोबर कंडक्टिव्हिटीही (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) रोज लिहा. पावसात विहिरीचं पाणी बदलतं आणि त्याच मापाचं औषध वेगळं काम करतं. पीएच फार खाली गेला तर आधीच दमट हवेत न वाळणारी शाई आणखी रेंगाळते. पाणी जास्त झालं की शाई पाणचट होते आणि रंग धुतल्यासारखा दिसतो. मग मशीनमन शाई वाढवतो, पुन्हा पाणी वाढवावं लागतं, आणि फेर सुरू होतो. अशा वेळी शाईला हात न लावता आधी पाणी उतरवा. छपाईतल्या कोऱ्या भागावर शाईची घाण धरायला लागेपर्यंत उतरवा, मग किंचित वाढवा.

फाइलमध्येही पावसाळ्याची सोय करता येते. आर्ट पेपरला एरवी ३००–३३० टक्के एकूण शाई चालते, पण जुलैत २८० च्या आसपास ठेवून गडद भागात तीन रंगांऐवजी काळी जास्त घ्या. कमी शाई लवकर वाळते, वरच्या तावाच्या पाठीला लागत नाही, आणि करड्याचा तोल काळ्यावर उभा राहिल्याने चेहऱ्यांची झाक कमी हलते. मंजूर केलेल्या तावाच्या रंगपट्टीवरचे डेन्सिटीचे (शाईच्या दाटपणाचे) आकडे ओल्यावर आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर असे दोनदा लिहून ठेवा. वाळल्यावर आकडा उतरतो. ओला ताव वाळलेल्या नमुन्याशी डोळ्यांनी जुळवत बसलात तर उद्या तो फिका निघेल.

प्रश्न : सावंतवाडीच्या गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या) पानांच्या प्रतिकृती मी घरच्या सहा रंगांच्या इंकजेटवर मॅट कागदावर काढतो. लाल जमीन (चित्रामागचा रंग) मूळ पानापेक्षा गडद आणि जांभळट येते. — एक चित्रकार, सावंतवाडी

उत्तर : गडद आणि जांभळट हे दोन्ही एकत्र आलं की पहिला संशय एकाच फाइलवर दोनदा रंगबदल झाल्याचा घ्यायचा. प्रिंटच्या खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलंत आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही त्याचा स्वतःचा रंगसुधार चालू राहिला, तर आधीच बदललेला आकडा पुन्हा बदलतो. एकाच ठिकाणी ठेवा : फोटोशॉपमध्ये चालू, ड्रायव्हरमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट'. मग कागद बनवणाऱ्याने तुमच्या नेमक्या प्रिंटर मॉडेलसाठी दिलेलं प्रोफाइल लावा, आणि 'मीडिया टाइप' त्यांनी सांगितला आहे तोच निवडा. मीडिया टाइपवर शाईचं प्रमाण ठरतं. ग्लॉसी निवडून मॅट कागद घातलात तर शाई जास्त पडते आणि लाल बुडतो.

तरीही जांभळट राहिला तर दोष फोटोत असेल. पानं लाखेने चकाकतात. खिडकीचं निळं आकाश त्या चकाकीत उतरतं आणि लाल जमिनीवर निळसर पापुद्रा बसतो. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा, खिडकी झाका, दिव्यांवर ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्म आणि भिंगावर ध्रुवक फिल्टर लावून चकाकी मावळेपर्यंत फिल्टर फिरवा. पहिला फोटो २४ चौकोनांच्या रंगतक्त्यासह घ्या, त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल करा आणि दशावताराच्या संचाची सगळी १२० पानं त्याच मांडणीत, दिवे न हलवता काढा.

प्रिंट निघाल्यावर एक दिवस उघडी ठेवा, पावसात दोन, आणि मगच मूळ पानाशेजारी धरा. आणि दोन्ही एकाच उजेडात बघा. मूळचे रंग आणि इंकजेटच्या शाया दिवसाच्या प्रकाशात जुळल्या तरी पिवळ्या एलईडीखाली वेगळ्या दिसू शकतात. प्रतिकृती दुकानात कोणत्या दिव्याखाली मांडली जाणार ते विचारून घ्या, आणि अखेरची तुलना त्याच दिव्याखाली करा.